फुली नसलेली जाहिरात

४ नोव्हेंबर
आज रुजू झाले. कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस आणि खाली मिसळीचं दुकान, म्हणजे माझं डाएट गेलं चुलीत. बातम्यांच्या वेबसाइटवर जाहिराती कुठं, केवढ्या आणि कशा देखण्या दिसतील, हे ठरवायचं माझं काम. सध्या वाढदिवसाच्या बॅनरांत बातमी शोधावी लागते. मालक गणपतराव मोकळा माणूस. म्हणाले, बिनधास्त करा की, इथं कोण इचारतंय.

६ नोव्हेंबर
एका सराफाची कोल्हापुरी साजाची जाहिरात आलीय. नुसता दागिना मेलेला दिसतो, गळा हवा. मॉडेल शोधायला वेळ नव्हता. जुन्या श्रद्धांजलीच्या जाहिरातींत एक फोटो मिळाला: दानेश्वरी, वय चोवीस, लग्नातला शालू, गळ्यात साज. फोटोवरचा हार पुसला, खालचं नाव आणि तारीख कापली. गेलेल्या बाईचा फोटो आहे हे मला कळत होतं. पण कोण ओळखतंय, म्हटलं. बातमीच्या मधोमध चौकोनात बसवली. फार गोड दिसते.

९ नोव्हेंबर
ओळखलं. तिचा नवरा वीरेश कागलहून आला आणि सगळ्या ऑफिससमोर मला नको नको ते बोलला. फोटो काढून टाका म्हणायचा हक्क त्याला होता, माझी लायकी काढायचा नव्हता. तक्रार लिहून, नंबर देऊन गेला. राग मनात ठेवून मी परत कामाला बसले.
दुपारी तिची आई आली, कोडोलीच्या शिवम्मा. मला वाटलं, आता दुसरी फैर. तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, लेक हिरीत पडली न्हाय, त्यानं ढकलली, पर साक्षीला कोण उभं ऱ्हायलं न्हाय. फोटो काढू नगंस पोरी, उलट त्याला झाकताच येऊ नये असा मोठा कर.

१० नोव्हेंबर
केला. पूर्ण पडदाभर उघडणारी जाहिरात, बंद करायची फुली नाही, आणि तक्रारीतला नंबर टाकला, म्हणजे दिसणार फक्त वीरेशच्या फोनवर. हे शिवम्मांसाठी केलं असं लिहिणार होते. खोटं आहे. माझ्यासाठी केलं. फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर
वीरेश गेला. भरदुपारी, त्याच विहिरीत. फोन काठावर चालूच होता म्हणे. शिवम्मा पेढे घेऊन आल्या. मी दोन खाल्ले.
पण जाहिरातीत दानेश्वरीचा शालू ओला दिसतोय. मूळ फोटो उघडून पाहिला, तो कोरडाच आहे.

१४ नोव्हेंबर
जाहिरात काढून टाकली. ती माझ्या फोनवर आली. तिच्या केसांतून पाणी गळतंय. नजर माझ्याकडे.
घाबरून शिवम्मांना फोन केला. शांतपणे म्हणाल्या, लेकीला जित्तेपणी कुणी इचारलं न्हाय, मेल्यावर तूबी न्हाय. त्याचं झालं, आता तुजं. मी कशाला आडवू?

१५ नोव्हेंबर, सकाळ
फोन बंद करून ठेवला. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर — ओठ हलतात. खोलीत शेवाळाचा वास.
मला मरायचं नाही. एकच मार्ग — दुसऱ्याकडे पाठवायची. वेबसाइट गणपतरावांची, फायदाही त्यांचाच. त्यांचा नंबर टाकला. हात जरासुद्धा अडखळला नाही.

पावणेबारा
गणपतरावांचा ऑफिसच्या लाइनवर फोन. वैतागले होते — हे काय पाठवलंईस, नुसता साज लटकतोय, बाई कुठं हाय? मी म्हटलं, नीट बघा, ओला शालू — न्हाय म्हणाले. कोणच न्हाय.
बाकीचे खाली मिसळ खायला गेलेत, ऑफिसात मी एकटी. माझ्या खुर्चीमागं फरशीवर पाणी टप टप —
दानेश्वरी, मी विचारायला हवं होतं. आता विचारते — तुला काय ह