गाय त्यांच्या कोंडवाड्यात

मंगळवार, दिवेलागण

आज बी.ए.च्या वर्गात घसा फोडून युरोपीय संघ शिकवला. एका देशाच्या न्यायालयाने वॉरंट काढलं, की दुसरा देश आपला नागरिकसुद्धा त्यांच्या ताब्यात देतो. सार्वभौमत्व थोडं सोडायचं, शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा. पोरं जांभया देत होती.

घरी आलो तर वासरू हंबरतंय. आमची गाय शेजारच्या गावच्या उसात शिरली म्हणून त्यांनी ती कोंडवाड्यात घातलेली. तसाच गेलो आणि तिथल्या सरपंचावर ओरडलो, "गाय आमच्या गावची हाय, काय करायचं ते आमची पंचायत बघंल!"

तो शांतपणे म्हणाला, "व्हय सर. पन ऊस कुनाच्या गावचा?"

गाय तिथंच ठेवून परतलो. फार थकलोय. वासरू अजून हंबरतंय, आणि उद्या मला पुन्हा शेजाऱ्यावरचा विश्वास शिकवायचाय.