पिवळी दिसलेली पावडर

आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसलेय. वेडेपणाच आहे माझा. खोपोलीतला आपला तो फरशीच्या ग्लेझसाठी टिन ऑक्साइड करणारा लहानसा कारखाना आज फार आठवतोय. तुम्ही कढईत कथील वितळवताय, वर दुधासारखी साय धरतेय, ती दांड्याने बाजूला सारली की लगेच दुसरी. त्या सायीची झालेली करडी राख मग पुन्हा भाजायची, करडेपणा पार जाईपर्यंत. ही पावडर अ‍ॅसिड ओतलं तरी ढिम्म विरघळत नाही, अगदी आप्पांसारखी हट्टी, असं मी आईला सांगायचे आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. खालापूरहून आपण एकाच टमटमने जायचो, तुम्ही भट्टीवर, मी बीएस्सी होऊन तिथल्याच लॅबमध्ये. नोकरीला महिना झाला नव्हता, पण माझा तोरा काय विचारता!

त्या दिवशी तुमच्या भट्टीचा नमुना आला, हाताला चटका बसेल इतका गरम. मला तो पिवळसर दिसला. सगळ्यांदेखत म्हटलं, माल कच्चा राहिलाय, नापास. तुम्ही दारातच होतात. "निवू दे गं आधी. निवल्यावर बघ," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, "भट्टीचं तुम्ही बघा, लॅबचं मी बघते." आणि रिपोर्टवर सही ठोकली. ही पावडर गरम असताना पिवळी दिसते आणि निवली की पांढरी होते, हे भट्टीवरच्या कुणालाही ठाऊक होतं. शिकलेल्या मलाच नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "चूक माझीच हाय, लवकर काढली." इतक्या वर्षांची भट्टी गेली, तुम्हाला पोती शिवायला बसवलं. आणि घरी जेवताना तुम्ही आईला कौतुकाने सांगताय, पोरीची सही चालते कारखान्यात.

तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांना सांगत आले की ती चूक मला फार उशिरा, पुस्तक वाचताना कळली. खोटं आहे ते, आप्पा. त्याच संध्याकाळी, सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत, तो नमुना टेबलावर पांढराशुभ्र झालेला मी पाहिला होता. रिपोर्ट अजून माझ्याकडेच होता. मी इकडेतिकडे बघितलं, नळ सोडला आणि नमुना धुऊन टाकला.