वार पुरलेल्या केळीचे बेट तोडण्याआधी

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
उपविभागीय कार्यालय, बुसेरा.

विषय: केळीचे बेट तोडण्यापूर्वी आपण स्वतः माझ्या घरी येऊन जाण्याबाबत.
संदर्भ: आपली दि. २ मार्चची पाहणी व त्यानंतरची नोटीस.

महोदय,

मी, लोसिरा नान्सिकोम्बी, वय ६४, रा. किबांगो, सविनय अर्ज करते की, शेजारी श्री. सेरुन्कुमा यांच्या तक्रारीवरून माझ्या परसातील केळीचे बेट शुक्रवारपर्यंत कंदासकट खणून काढण्याचा हुकूम आपण दिला आहे. तक्रार खरी आहे. बेटाचे मुनवे, म्हणजे बुडाचे नवे कोंब, कुंपणाखालून त्यांच्या हद्दीत फुटले आणि संडासाच्या भिंतीला तडा गेला. एका जागी आई, लेक, नात अशा तीनच केळी ठेवून बाकीचे मुनवे काढावेत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझी इतर बेटे आपण पाहिलीत, ती तशीच आहेत.

हे एकच राखले. आपण उत्तरेकडचे, म्हणून खुलासा करते. आम्हा बगांडा लोकांत मूल जन्मले की त्याची वार केळीच्या बुडाशी पुरतात. या बेटाखाली माझी नात नाबुकालू हिची वार आहे. कोणत्या मुनव्यात तिचे काय उतरले हे मला कळेना, म्हणून पाच वर्षे एकालाही कोयता लावला नाही. भीतीपोटी झालेली ही चूक मला मान्य आहे.

अशा बेटाचा घड घरच्यांनीच खायचा असतो. परक्याने खाल्ला तर मूल त्याच्या मागे निघून जाते. २ तारखेपासून नाबुकालूला ताप आहे. दवाखान्यातल्या मलेरियाच्या गोळ्या मी वेळेवर देते, तरी उतरत नाही. परवा सेरुन्कुमांची बायको तिला बघायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "आजी, सांगितल्याशिवाय राहवेना. पाहणीच्या दिवशी साहेबांना आमच्याकडे केळी शिजवून वाढली ना, तो घड संडासामागचा होता. तुमच्याच बेटाचा. तीनदा मागून घेतलं हो त्यांनी."

सेरुन्कुमा माझ्या नवऱ्याच्या कुळातले, त्यांनी खाल्ले तर चालते. पण आपण परके, आपले काय करायचे?

कुळातील वडीलधाऱ्यांना विचारले. ते आधी हसले, मग मुलीला पाहून बैठकीला बसले. आपणास नाबुकालूचे आजोबा करून घ्यावे, असे ठरले आहे. माझा नवरा गेल्यापासून ती जागा रिकामीच आहे. आपण यावे, तिच्या डोक्यावर हात ठेवावा आणि नात म्हणून एकदा हाक मारावी. पुढे बेट ठेवायचे की तोडायचे, ते घरचे म्हणून आपणच सांगा. कुदळ मी हातात देईन, रडणार नाही.

मात्र शुक्रवारपर्यंत थांबू नये, ही हात जोडून विनंती. आज सकाळी ती तापात उठून अनवाणी फाटकापर्यंत गेली. कुठे निघालीस म्हणून विचारले, तर तिने बुसेराच्या रस्त्याकडे बोट दाखवले.

आपली नम्र, आणि मानाल तर घरचीच,
लोसिरा नान्सिकोम्बी
किबांगो, दि. १३ मार्च