दोन हातांचं औषध

चामराजपेट, बेंगळूरु
१२ ऑगस्ट २०२५

ती. रूपश्रीअक्कांस,
धनलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

तुमच्या आईंना ताप आलाय. पहिल्या ओळीतच लिहिते, नाहीतर उद्या म्हणाल भावजयीने कळवलंच नाही.

शेजारच्या पुरुषोत्तमकाकांना फ्लू झालाय म्हणून आई त्यांना बघायला गेल्या. मी दारातच अडवलं होतं. या वयात तापाच्या घरी कशाला जाताय, म्हटलं. त्यावर मलाच ऐकवलं की आजाऱ्याला बघायला न जाणारी माणसं आमच्या घरात जन्मली नाहीत, बाहेरून आली असतील. मग ब्रेडचा पुडा आणि शहाळ्याचं एळनीर घेऊन गेल्या, काकांच्या खाटेवर बसल्या, कपाळाला हात लावून आल्या. काका आता कट्ट्यावर बसून पेपर वाचतात, आणि त्यांनी दिलेलं आमच्या आतल्या खोलीत कण्हतंय.

हयवदन डॉक्टर येऊन गेले. तापाची गोळी दिली आहे, शिवाय पाच दिवस घ्यायची दुसरी एक. म्हातारपणी हा ताप साधा धरू नका, पाणी पाजत राहा, बोलणं भलतंच वाटलं किंवा दम लागला तर थांबू नका, असं बजावून गेले. मी तोंडाला फडकं बांधून आत जाते.

तुम्ही बघायला येऊ नका. तुम्हालाही खोकला आहे असं हे सांगत होते. ब्रेड आमच्या गल्लीत मिळतो.

हे म्हणत होते, अशा वेळी फोन लाव, शपथ राहू दे. मी म्हटलं, कशी राहू दे? आप्पाजींच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर तुम्ही म्हणालात की तापात सुनेने सासऱ्याला घोटभर पाणी विचारलं नाही. त्याच दिवशी अंबाभवानीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून दोघी बोललो की पुन्हा एकमेकींशी तोंड उघडणार नाही. फोनलाही तोंडच लागतं. कागदाचं देवीने काही विचारलं नव्हतं. हे शिवलेले ब्लाऊज द्यायला मल्लेश्वरमला येतातच, त्यांच्या पिशवीत ही चिठ्ठी टाकते.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

आपली,
धनलक्ष्मी

*

मल्लेश्वरम, बेंगळूरु
१३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. धनलक्ष्मीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या जन्मदात्रीला ताप आल्याचं मला ब्लाऊजच्या गठ्ठ्यातून कळावं, हे माझं नशीब. नागराज दारात उभा राहून चिठ्ठी देतो आणि माझ्या डोळ्यांकडे बघतसुद्धा नाही. लहानपणी याच भावाला मी कडेवर घेऊन फिरले आहे.

मी येणार नाही. तू अडवलंस म्हणून नाही, मला खरंच खोकला आहे आणि आईला आणखी त्रास नको. पण लेक बघायला आली नाही, असं तुझी सगळी गल्ली म्हणेल, ते तू ऐकून घे.

डॉक्टरांच्या गोळ्यांवर तुझा आप्पाजींच्या वेळीही फार भरवसा होता. पुढे काय झालं ते दोघींना माहीत आहे. म्हणून सोबत काढ्यासाठी कषायाची पूड पाठवते आहे. दिवसातून तीनदा, एक चमचा, गरम पाण्यात. मिरी, धने, ज्येष्ठमध, सुंठ, आणि लेकीची काळजी. आणखी काय आहे याची चौकशी नको. फक्त ती वेळेवर दे. आई माझ्या हातचं कधी टाकत नाही. तुझ्या हातची पेज ती का ढकलून देते, ते तू तिलाच विचार.

तिला ऊन पाण्यानेच पुसून घे. खिडकी लावून ठेव.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुझी,
रूपश्री

*

चामराजपेट
१५ ऑगस्ट २०२५

ती. रूपश्रीअक्कांस,
सा. न. वि. वि.

पूड पोचली. मी मोरीत ओतणार होते. पण आईंनी डबीचं झाकण काढून वास घेतला, डोळे पुसले आणि डबी उशाखाली ठेवून घेतली. आता तीनदा मागून घेतात. माझी पेज खरंच ढकलतात, तुम्ही बरोबर ओळखलंत. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून त्या नुसत्या हवेवर जगल्या असतील.

डॉक्टरांच्या गोळ्या मी देतेच. ताप उतरलाय. खोकला घशातून छातीत गेलाय, पण पहिल्यासारखं कण्हणं नाही, सारख्या झोपून असतात. पाण्यासाठी उठवलं की स्वल्प थांब म्हणतात आणि परत डोळे मिटतात. एक शहाळं दिवसभर पुरतं.

मी कशी आहे ते कुणी विचारलं नाही, तरी सांगते. चादरी धुऊन हात सोलले. तुमची मावशी हुबळीहून फोन करते आणि आल्याचा रस दे म्हणते. तुमची चुलतबहीण फोन करते आणि आल्याचा रस देऊ नको म्हणते. भांडं उचलायला यातलं कुणी नाही. यांचं काम मशिनीवर बसून आतल्या खोलीकडे मान वळवून उसासे टाकणं. दोन उसाशांमध्ये एक काज होतं.

आणि एक लिहिते, आता राहवत नाही. आप्पाजी गेल्यावर हयवदन डॉक्टरांनी सांगितलं होतं की आईंना दर वर्षी फ्लूचं इंजेक्शन टोचून घ्या. मी रिक्षा दारात आणली होती. तुम्ही यांच्या हाती निरोप धाडलात की इंजेक्शनानेच म्हाताऱ्यांना ताप येतो. आई रिक्षातून उतरल्या. डॉक्टर म्हणाले, टोचलेल्यालाही फ्लू होऊ शकतो, पण त्याचा जोर कमी राहतो. हा जोर आज कोण उपसतंय ते बघायला तरी या म्हटलं असतं, पण येऊ नका.

माया असेल तर तिथूनच करा.

आपली,
धनलक्ष्मी

*

मल्लेश्वरम
१६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. धनलक्ष्मीस,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला ना? तुझ्या पत्रात रागाची ओळ दहा वेळा आहे आणि ही आनंदाची ओळ एकदाच, तीही अडगळीत टाकल्यासारखी. गुण कशाचा आला ते मी बोलत नाही. नागराजला कळलं असेल.

झोपू दे तिला. आजारात झोप लागणं चांगलं. आयुष्यभर पहाटे उठून चूल पेटवली तिने. पाणी पाज, सूप पाज म्हणून सारखी हलवत बसू नकोस. पूड संपत आली असेल म्हणून आणखी पाठवली आहे. खोकला छातीत आहे म्हणतेस तर चार वेळा दे.

इंजेक्शनाचं तू काढलंस. माझ्या सासूला टोचल्यावर दोन दिवस अंग तापलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून बोलले. मुद्दाम कुणी आपल्या आईचं वाईट करत नाही.

आई बरी झाली की गौरीच्या सणाला तिला माझ्याकडे पाठव. चार दिवस लेकीचं सुख घेऊ दे.

आठवण ठेव, राग नको.

तुझी,
रूपश्री

*

चामराजपेट
२३ ऑगस्ट २०२५

रूपश्रीअक्कांस,
नमस्कार. आज सा. न. वि. वि. लिहायला हात वळत नाही.

काल आईंना दवाखान्यातून घरी आणलं. तुम्ही तिथे होतात, सगळं पाहिलंत. तरी लिहिते, कारण तिथे मला तोंड नव्हतं.

दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळी आई बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या. मी उचलायला गेले तर मला आप्पाजी म्हणाल्या, आणि विचारलं की दुकान उघडलं का. ओठांना चिरा पडलेल्या, श्वास भात्यासारखा. यांनी रिक्षातूनच तुम्हाला फोन लावला. हाड मोडलं नाही ही देवीची कृपा, आमची नव्हे.

ती डॉक्टरीण म्हणजे अगदी कोवळी पोर. तिने विचारलं, यांना काय काय दिलंय. तुम्ही खाटेच्या डाव्या अंगाला, मी उजव्या. मी तिला सांगितलं, हयवदन डॉक्टरांच्या गोळ्या. तुम्ही तिला सांगितलं, नुसता कषाय. तिला काही पटलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मेडिकलमधलं काही घातलं होतं का. तेव्हा तुम्ही चादरीकडे बघत म्हणालात की सर्दीच्या गोळ्या कुटून पुडीत मिसळल्या होत्या. हेही तिलाच म्हणालात. मी दोन हातांवर उभी होते, मला नाही. तिने नंतर मला बाजूला घेऊन कन्नडमध्ये विचारलं की त्या बाई कोण, पेशंटच्या कोणी लागतात का.

तुमच्या गोळीतही तापाचंच औषध होतं. म्हणजे माझ्या हातून एक आणि तुमच्या हातून एक, दिवसभर दुप्पट. वर त्यात गुंगीचं औषध. तुम्ही ज्याला चांगली झोप म्हणालात आणि मी ज्याला आराम समजले, ती त्या औषधाची गुंगी होती. त्यात पाणी गेलं नाही, खोकून कफ पडला नाही, छाती भरली. फ्लू तर होताच, त्याला आपण दोघींनी दोन्हीकडून हात दिला, असं ती पोर नाही म्हणाली. मी म्हणते.

आप्पाजींच्या वेळी मी पाणी विचारलं नाही म्हणून तुम्ही मला भावकीत उभं केलंत. आता मी कोणती भावकी गोळा करू?

एक ओळ लिहायची होती हो. पुडीत गोळी आहे, एवढी. डबीवर चिकटवली असती तरी चाललं असतं.

पुढचं काही लिहीत नाही.

धनलक्ष्मी

*

मल्लेश्वरम
२४ ऑगस्ट २०२५

सौ. धनलक्ष्मीस,

तुझं पत्र यांना वाचून दाखवता आलं नाही. मी एकटीनेच वाचलं.

ओळ लिहिली असती तर तू पूड फेकली असतीस. तू स्वतःच लिहिलंस की मोरीत ओतणार होतीस. मेडिकलवाल्याने दिलेल्या त्याच गोळ्यांनी माझा खोकला दबला होता. मला वाटलं, तू डॉक्टरांच्या गोळ्या देशील न देशील, माझी तरी पोटात जाईल. तू काय देतेस ते मला कळत नव्हतं, मी काय देते ते तुला. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

पण आता आईला माझ्याकडे पाठव. इथे एकाच हाताने औषध होईल. तुझ्या घरात तिला दुसऱ्यांदा ठेवायला माझं मन घेत नाही. नागराजला मी गाडी घेऊन यायला सांगते.

यावर वाद नको. उत्तर नसेल तरी चालेल.

रूपश्री

*

चामराजपेट
२५ ऑगस्ट २०२५

ती. रूपश्रीअक्कांस,
सा. न. वि. वि.

यांना गाडी सांगू नका. आई येणार नाहीत. इथेही राहते म्हणत नाहीत.

काल तुमचं पत्र आल्यावर यांनी ते त्यांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. आई डोळे मिटून पडल्या होत्या. मग माझी चिठ्ठी काय होती ते विचारलं. मी ती पण सांगितली, एक शब्द गाळला नाही. मला गाळता येत नाही.

मग त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या, जन्मभर कषाय मी उकळला, त्यातलं मेडिकलचं कडू मला कळणार नाही होय? पहिल्या घोटाला कळलं होतं. सुनेला सांगितलं तर डबी मोरीत आणि लेकीला असली चिठ्ठी गेली असती की गौरीच्या सणाचं येणंजाणंसुद्धा तुटलं असतं. लेकीला नको म्हणून कळवलं तर सुनेने शिकवलं म्हणाली असती. म्हणून दोघींचं गिळलं. एकीचं पेल्यातून, एकीचं चमच्यातून. म्हणाल्या, तुमच्या आप्पाजींनंतर या घरात मी दोन घास दोन्हीकडे तोंड करूनच खाते, तसंच औषधही खाल्लं.

 

आज पहाटे त्यांनी यांच्याकडून देव्हाऱ्यातला भंडारा मागवला. हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही दोघींनी शपथ घेतलीत तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आता मीही विचारत नाही. जोवर या दोघी माझ्या खाटेशी उभ्या राहून कशात काय आहे ते एकमेकींना तोंडाने सांगत नाहीत, तोवर गोळी नाही, कषाय नाही, पेज नाही.

मी ओरडले, यांनी पाय धरले, डॉक्टरांना फोन केला. तोंड मिटून भिंतीकडे वळल्या आहेत. छातीची गोळी एकही चुकवायची नाही म्हणून दवाखान्यातून बजावून पाठवलं होतं. सकाळची चुकली. पेल्यातलं पाणी तसंच आहे.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तेराव्याचं ते वाक्य माझ्या अंगावर आहे ते आहेच, पुडीचंही राहील. देवीला काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन. तुमचं तुम्ही बघा. तोंड उघडल्यावर पहिलं जे बाहेर पडेल ते गोड नसणार, आत्ताच सांगून ठेवते. पण आईंना गोड हवंय असं त्या म्हणाल्या नाहीत. नुसतं बोलायला सांगितलंय.

उद्या इकडची गौर. भावाने बहिणीला बागिनाचं वाण द्यायचं म्हणून यांनी वेताचं सूप आणून ठेवलंय. भावकीने विचारलं तर त्याचं निमित्त सांगा. हे तुमच्या दारात थांबतील, त्यांच्याच रिक्षात बसा. खोकला असेल तर फडकं बांधा. ब्रेड नको, एळनीर नको, डबी तर नकोच.

नुसतं तोंड घेऊन या.

आपली,
धनलक्ष्मी