खुराजवळची उघडी रेघ

उस्ताद, एका बैलाला खरोखर काय लागलं ते आधी सांगतो. सोळा दिवस लागले. दोनशे अकरा फोटो लागले. एक नवी कात्री लागली, कारण जुनीची धार गेली होती. माझ्या पोरीचे दोन रविवार गेले. पैशाचं म्हणाल तर फार नाही, तुमच्या वेळी एका भिंतीला जेवढा ऑइल पेंट लागायचा त्याहून कमीच. आणि दोन बोटं रुंद अशी कागदाची एक पट्टी गेली, पण तिचं शेवटी सांगतो. तुम्हीच म्हणायचे, गिऱ्हाईक खरं बोलते ते दारातून निघतानाच.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून हे जरा नीट सांगावं लागेल. आता चित्र काढणारं यंत्र आलं आहे. त्याला ब्रश नाही, शिडी नाही, टर्पेंटाइनचा वास नाही. काय पाहिजे ते लिहायचं, की ते चित्र काढून देतं. पण साऱ्या जगाचं पाहून काढतं, म्हणून त्याचा बैल कुठल्याच गावचा नसतो. एक दिवस माझी पोरगी, जी आता अमरावतीचं माझं दुकान सांभाळते, म्हणाली, "बाबा, याला तुमचा हात शिकवता येते. तुमच्या कामाचे फोटो द्यायचे, प्रत्येकाखाली लिहायचं हे काय आहे ते, आणि सगळ्यांना मिळून एक नाव द्यायचं. मग ते नाव घातलं की यंत्र तुमच्यासारखंच काढते." तिने नाव ठेवलं 'बाबाबैल'. मला गंमत वाटली. आयुष्यभर लोकांच्या नावाच्या पाट्या रंगवल्या, आता माझ्या हातालाच कोणी नाव देऊन राहिलं होतं.

पहिल्या दिवशी बाबाबैलाला पाच पाय आले. दुसऱ्या दिवशी शिंगं कानातून निघाली. पोरगी म्हणाली, "फोटोत माणसं फार आहेत. माणसं कापा, नाहीतर उद्या बैल पायजमा घालून येईल." ती फोनवरच कापणार होती. मी म्हणालो, कागद कापायला मला फोन लागत नाही. कात्री आणली आणि जुन्या फोटोंची पेटी उघडून बसलो.

ती पेटी तुमचीच देणगी. भिंत पूर्ण झाली की तुम्ही फोटोवाल्याला बोलवायचे आणि दोन प्रती काढायला लावायचे, एक तुमच्या घरी, एक मला. मी पहिल्यांदा नको म्हणालो, तर तुम्ही चिडलात. "घे ना बे. तुयाबी घाम हाय त्यात." घाम होता हे खरंच. पण घाम कशाचा, ते फोटोच्या मागे लिहिलेलं नसतं.

मी भाजीवाल्याच्या घरचा. बाळापूरकडून वांगी आणि मेथी घेऊन अकोल्याच्या बाजारात बसायचो. बावीस वर्षांचा होतो, आणि भाव लिहायच्या पाटीवर खडूने वांगं काढून ठेवायची खोड होती. तुम्ही पिशवी घेऊन समोर उभे राहिलात. पानाचा तोबरा एका गालात. बोलताना तुमचा आवाज दुसऱ्या गालातून यायचा, तो अजून माझ्या कानात आहे.

"हे वांगं कोनं काढलं?"

"म्या."

"देठ काहून एवढं हिरवंगार काढलं? तुया टोपल्यातले तं सुकले."

"म्हनूनच काढलं."

तुम्ही हसला नाहीत. वांगी घेतली, वर दोन मिरच्या मागून घेतल्या आणि म्हणालात, "उद्या ये. लबाड हायेस, पन पायतं बराबर."

मग ढेपेच्या भिंती आल्या. गुरांना घालायची सरकीची ढेप विकणाऱ्या प्रत्येकाला भिंतीवर बैल पाहिजे असायचा, आणि वऱ्हाडात बैल म्हटला की तुम्ही. तुमचा बैल पाठीपासून सुरू व्हायचा, एका दमात, खडू न उचलता, आणि मागच्या डाव्या खुराजवळ येऊन थांबायचा. बोटभर जागा सोडून. बार्शीटाकळीच्या एका भिंतीवर तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी ती जागा भरून टाकली. वाटलं, राहून गेली असेल. तुम्ही परत आलात, पाहिलं, कप खाली ठेवला.

"काहून जोडली?"

"अधुरी दिसून राहिली होती."

"अधुरी नाई बे, मोकळी हाय. सारीकळून बंद केला तं बैल चालन कसा? त्याले निघायले वाट नको का?"

ती रेघ तुम्ही मला चुन्याने पुसायला लावली, वाळेपर्यंत उन्हात उभं केलं आणि मग तेवढी जागा सोडून पुन्हा काढली. मी तेव्हा मनात म्हणालो, म्हाताऱ्याचं काहीतरीच. पुढे अमरावतीला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "पेंटर, हे राहिलं का?" दुसऱ्यानेही तेच. मी रेघ जोडायला लागलो. एकाला समजावत बसण्यापेक्षा बोटभर रंग स्वस्त पडतो. तेव्हापासून माझा प्रत्येक बैल चारी बाजूंनी बंद आहे.

आता सोळाव्या दिवशीचं ऐका. पोरीने यंत्रात शब्द घातले आणि पडद्यावर बैल आला. चार पाय, शिंगं जागच्या जागी, मान किंचित वळलेली. चालत होता. आणि मागच्या डाव्या खुराजवळ बोटभर जागा उघडी. पोरगी म्हणाली, "एवढं एक चुकलं वाटते. भरून टाकू?" मी म्हणालो, राहू दे. ती पुन्हा पुन्हा काढत गेली, बसलेला, गाडी ओढणारा, पाणी पिणारा, आणि दर बैलाला तीच वाट. माझे नवे फोटो शंभरावर होते, सगळे बंद रेघेचे. यंत्राने ते पाहिले आणि सोडून दिले. जुन्या पेटीतले घेतले.

त्याच आठवड्यात अकोल्याचे ढेपवाले शेठ आले. पोत्यांवर, दुकानांवर, कॅलेंडरवर, सगळीकडे एकच बैल पाहिजे म्हणाले. पडद्यावरचा बैल पाहिला. मग जुन्या फोटोंतला कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवरचा मोठा बैल उचलून म्हणाले, "हा तर मी लहानपणी पाहिलेला आहे पेंटरसाहेब. हा तुमचा?"

"माझाच," मी म्हणालो. "शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून काढला. असा बैल वऱ्हाडात दुसऱ्या कोणाच्या हातून उतरला असेल तर दाखवा."

बोलताना स्वतःचा आवाज मला चांगला ऐकू येत होता. खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा गोल होतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमी पकडतो. शेठने नाही पकडलं.

करारात दोन गोष्टी होत्या. पहिली, सगळी चित्रं माझ्या स्वतःच्या हातची आहेत. दुसरी, या वळणाचा बैल शेठच्या मालाशिवाय कुठेही निघणार नाही, यंत्राने नाही आणि हातानेही नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, दुसरं नीट वाचा. हातानेही नाही म्हणते." मी म्हणालो, "आता भिंती रंगवायला जातो कोण?" सही केली. शेठ जिना उतरताना मुनिमाशी बोलत होते, खालच्या आवाजात, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. "बैल भेटला. आता बुढ्याले पुसाची गरज नाई." मला हसूच आलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

आता अमरावतीहून अकोल्याला निघालो की बैल सोबतच असतो. दुकानांवर, पोत्यांवर, ट्रकच्या मागे. लोक हात करतात, "पेंटरभाऊ, तुमचा बैल पायला." मी मान हलवतो. मान हलवायची सवय झाली आहे. शेठला खरं सांगावं, तर पहिलंच कलम खोटं ठरतं. पोती छापून झालेली, पोरीने यावर दुकानाचं अर्धं काम उभं केलेलं. न सांगावं, तर रोज सकाळी शटर वर करताना समोरच्या भिंतीवरच्या शेठच्या बैलात तुमची उघडी रेघ दिसते. त्यातल्या त्यात विनोद असा की बैलाला निघायला वाट आहे.

मागच्या महिन्यात तिवस्याहून ताईचा फोन आला. तुमची पोरगी. तिने आणि जावईबापूंनी नागपूर रस्त्यावर रोपवाटिका टाकली आहे, शेवंतीची आणि मिरचीची रोपं. "भाऊ, फाटकाच्या भिंतीवर बाबाचा बैल पायजे. तुमच्याशिवाय कोनाले जमन?" मी डबे घेऊन गेलो. वाटेत ठरवलं, आपला बैल काढू, बंद रेघेचा, त्याला करारात काही बंदी नाही.

खडूने आखला. ताई फाटकाला टेकून पाहत होती.

"चांगला हाय भाऊ," ती म्हणाली. "पन हा उभा हाय."

"बैल उभाच असते ताई."

"बाबाचा जाऊन राहिला असे. नजर काढली की गेला, असं वाटे. तसा नाई येत का तुमाले?"

येतो ना, उस्ताद. कुठे थांबायचं ते मला माहीत आहे. उन्हात उभं करून शिकवलेलं विसरत नाही माणूस. बोटाने खुराजवळचा खडू पुसला असता तरी झालं असतं. हात गेलाही तिथपर्यंत. तेवढ्यात रस्त्याने शेठची गाडी गेली, पोत्यांनी भरलेली, प्रत्येक पोत्यावर तो. तुमच्या पोरीच्या फाटकावर तुमचा बैल काढायला मला ढेपवाल्याची परवानगी लागणार होती. मी ओला फडका घेतला आणि अख्खा बैलच पुसून टाकला.

"ताई, शिडी चढवत नाही आता. गुडघे गेले."

ती हळहळली. "आधी सांगाचं ना भाऊ, उन्हात उभं राहिले तुमी." मला खाटेवर बसवलं, पाठीशी उशी दिली, चहा आणला. आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुमचा अल्बम काढून आणला. तुमच्या घरची प्रत. पानं उलटत गेली, हे बाळापूरचं, हे बार्शीटाकळीचं. मग एका पानावर थांबून हसली. "भाऊ, केवढे बारीक होते तुमी." जिनिंगची भिंत होती. न कापलेली. मी फक्त "हो" म्हणालो आणि चहा पीत राहिलो.

गुडघे ठणठणीत आहेत माझे. हे तुम्हाला लिहितो आहे, ताईला नाही. तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र पडून राहील, आणि तिचा पत्ता आहे म्हणून तिकडे टाकायची माझी हिंमत नाही. दोन बोटांची ती पट्टी मी माझ्याकडच्या जिनिंगच्या फोटोतून, शेपटीच्या मागून कापली होती आणि टोपलीत टाकली होती. तिच्यावर शिडी होती. वरच्या पायरीवर तुम्ही आहात, ब्रश हातात, फोटोवाल्याकडे पाहून. मी खाली शिडी धरून उभा आहे.