पावसाची लेखी हमी

हसनाबाद,
ता. १५ फेब्रुवारी २००४

ती. कारभारी दाजींना काकासाहेबाचा रामराम.

आक्काचे गुडघे कसे आहेत? तुम्ही दम्याची गोळी चुकवू नका. इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? टाळकं फिरलंय माझं.

आमचा पाझर तलाव कोरडा ठाक पडलाय, दाजी. आता जो तो दुष्काळाच्या नावानं बोंबलून राह्यलाय. अरे, गणपतीत ग्रामसभा झाली तेव्हा तळं अर्धं भरलेलं होतं! हापशाजवळची सगुणाबाई (तीच, सरपंचालाही अरे-तुरे करणारी) उठली नि म्हणाली, मोसंबीच्या मोटारी आजच बंद करा, म्हंजी प्यायला मृगापर्यंत पुरंल. झालं! अकरा मोटारवाले तिच्या अंगावर धावले. परतीचा पाऊस येणार न्हाई कशावरून? मंग कृषी सहायकाला उभं केलं. तो बिचारा म्हणाला, येईलही, न येईलही, पण लक्षणं बरी न्हाईत. त्यावर तातेराव (मोटारी दोन, अक्कल अर्धी) म्हणतो, पाऊस येणारच न्हाई असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, लगेच बंद करतो. सहायकानं पेन खिशात घातला. अन् ठराव काय झाला? तर खात्रीलायक माहिती मिळेपर्यंत मोटारी चालू ठेवाव्यात. मिळाली आता खात्री! तळ्यात उतरून बघा म्हणावं, चांगल्या हातभर भेगा पडलेल्या आहेत.

दरसाल आपण पेरतो, तेव्हा ढगाकडून स्टॅम्प घेतो का? लेक देताना घेतो? लेकराला ताप आला तर डॉक्टरकडं न्यायच्या आधी कोणी लेखी मागतं? खात्री लागते ती फक्त स्वतःची मोटार बंद करायची पाळी आली की! सगुणाबाई तेव्हाच बोलल्ती, माझं खोटं निघालं तर तुमचा एक बहार जाईल, तुमचं खोटं निघालं तर आम्ही हंडे कुठं भरायचे? अन् आता तीन दिवसाआड टँकर येतो, तर ज्या गल्लीत मोसंबीचं एक झाड न्हाई तिथली म्हातारी माणसं त्याच्यामागं पळतात. लाज वाटते, दाजी. बाग तर वाळलीच, वरून गावही तहानलं.

रागात काही कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला. आक्काला नमस्कार.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. : ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. माझी नव्वद झाडं होती. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो.

ता. क. २ : तुमच्या मळ्यात राखणीला माणूस लागत असेल तर मृगापर्यंत मला ठेवून घ्या. जल्दी कळवा.

भावजी, नंदाबाईचा नमस्कार. ह्यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिल्तं, म्हणून घडीवरच्या कोऱ्या जागेत लिहिते. ह्यांना बिलकुल ठेवून घेऊ नका. मोटारीसाठी ज्या घरचा हात वर झाला, त्या घरी टँकरचं पाणी बाप्यानंच भरायचं, असं आम्ही बायांनी ठरवलंय. बुधवारच्या खेपेला ह्यांच्याकडं सगुणाबाईचेही दोन हंडे हायेत.