जिन्सीच्या रजिस्टरातला रिकामा रकाना

२ जानेवारी
आजपासून जिन्सीला मराठी शिकवणार. जिन्सी म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणारी केरळची नर्स. ट्रस्टच्या दवाखान्यात आहे. सगळे ऊसतोडीला गेले की चौसाळ्यात मागे राहतात म्हाताऱ्या. त्यांचं बीपी-शुगर तपासून रजिस्टर भरायचं. महिनाअखेर ते पुरं झालं नाही तर डॉक्टर तिला परत पाठवणार. मी शाळेत चौथीपर्यंतच, पण वाचनालयातलं एक कपाट संपवलंय. महिन्यात पोरगी फाडफाड बोलेल.
मला करमत नाही म्हणून शिकवते, असं शेजारची छबुबाई म्हणते. तसं काही नाही.

४ जानेवारी
पद्धत मीच काढली. आधी ऐकणं, मग बोलणं, वाचणं, लिहिणं. एकात एक कालवायचं नाही. रीतभात सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

९ जानेवारी
"आपल्या पतीचे नाव काय?" जिन्सी अगदी पुस्तकासारखं बोलते. बक्षीस म्हणून धपाटे केले.

१३ जानेवारी
अडचण. बायका वय सांगतात, गुडघे सांगतात, सुनेचं तर न विचारता सांगतात. पतीच्या नावाशी आलं की तोंडाला पदर. एकतीस रकाने रिकामे. उच्चाराचा दोष. 'पती'तला 'प' कच्चा आहे. घोटून घेतला.

१६ जानेवारी
'पती' काढून 'मालक' घातलं. रिकामे रकाने अठ्ठेचाळीस. जिन्सीनं विचारलं, काकू, सगळ्याच नवऱ्यावर रागावल्यात का. म्हटलं, अडाणी आहेत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात, हे सांगायचं राहिलं. धड्यात नव्हतं. मी स्वतः असलं मानत नाही. माझ्या भागवतचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. आता कमी व्हायला उरलंय काय.

२७ जानेवारी, सकाळ
चार दिवस उरले. जिन्सीनं माळ्यावरची बॅग खाली काढलीय. बॅग बघून मला जेवण गेलं नाही. पित्त असणार. आज स्वतः दवाखान्यात जाऊन कसं विचारायचं ते दाखवते.

संध्याकाळी
गेले. वीसेक बायका होत्या. छबुबाईला खणखणीत विचारलं, मालकाचं नाव काय?
"आदी तुज्या मालकाचं सांग की, मास्तरीण."
घसा खाकरला. पाणी मागितलं. जिन्सी पेन धरून उभी. रजिस्टरात पहिलंच नाव माझं होतं आणि रकाना कोराच.
शेवटी छबुबाईनंच सांगितलं. हळू, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. तीन वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी घेतलं नव्हतं. मी बराच वेळ भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते.
जिन्सीनं तेवढ्यात ओळखलं. छबुबाईच्या मालकाचं नाव वच्छलाबाईला विचारलं, वच्छलाबाईच्या मालकाचं मंजुळाबाईला. तासात रकाने भरले. दुसरीच्या नवऱ्याचं नाव बायका काय हौसेनं सांगतात. पुढं त्याचा स्वभावही.

३१ जानेवारी
जिन्सी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, मराठी कुणी शिकवलं. छबुबाईनं, म्हणाली. असू दे. पाया माझाच.
बॅग मी स्वतः माळ्यावर टाकली.
रोजनिशी माझी, वाचणारं कुणी नाही. इथं नाव लिहायला काय हरकत आहे. लिहितेच.
त्रिं
पेन बिघडलं. उद्या नवीन आणते.